पाळणा हलण्यापूर्वी ताटाकडे पाहा

लक्ष्मणासाठी संजीवनी आणायला गेलेल्या मारुतीला नेमकी वनस्पती ओळखता येईना, म्हणून त्याने अख्खा द्रोणागिरीच उचलला. त्याचाच एक तुकडा उरणजवळ पडला आणि तो आपला द्रोणागिरीचा डोंगर झाला, असे आमच्याकडची जुनी माणसे सांगतात. कथा खरी की खोटी, हा वाद आज नको. परंतु आहाराच्या बाबतीत आपण पुष्कळदा मारुतीसारखेच वागतो. कोणते पान हवे ते ठाऊक नसले की सगळा डोंगर खांद्यावर घेतो.

हे आठवण्याचे कारण असे. काही महिन्यांपूर्वी द्रोणागिरीच्या नव्या वसाहतीत राहणारे एक तरुण जोडपे माझ्याकडे आले. लग्नाला दीड वर्ष झालेले, नवरा बंदराच्या कामावर. सोबत सासूबाईही होत्या. मुलीचे वय चोवीस. ती म्हणाली, “डॉक्टर, मूल होण्याआधी शरीर शुद्ध करावे म्हणून मी चार महिने फक्त कच्चे खाते आहे. भात, भाकरी, मासळी, दूध सगळे सोडले. फळे, काकडी-गाजर आणि मोड आलेले मूग, एवढेच.” वजन सात किलो उतरले होते, केस गळत होते आणि दोन महिने पाळी आली नव्हती. दिवस राहिले असावेत ह्या आनंदात ती आली होती. तपासणीत तसे काहीच निघाले नाही. रक्तातले हिमोग्लोबिन मात्र ८.६ निघाले.

सासूबाई रागावल्या होत्या. मी मात्र त्या मुलीला आधी शाबासकी दिली, कारण इतक्या वर्षांच्या व्यवसायात “मूल व्हायच्या आधी मी काय खाऊ?” असे विचारायला आलेल्या स्त्रिया मला बोटांवर मोजता येतील. बाकीच्या येतात त्या दुसरा-तिसरा महिना उलटल्यावर. तिचा प्रश्न शंभर टक्के बरोबर होता, उत्तर तेवढे चुकले होते.

प्रश्न बरोबर का, ते मला एका जुन्या प्रसंगाने शिकवले आहे. एक बाई तिसऱ्या महिन्यात माझ्याकडे आली. मी नेहमीप्रमाणे फोलिक आम्लाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि कर्तव्य केल्याच्या समाधानात राहिलो. बाळ जन्मले ते पाठीचा कणा उघडा असलेले. नऊ दिवस जगले. त्या आईने मला विचारले, “गोळ्या तर वेळेवर घेतल्या ना मी?” तिने घेतल्या होत्या, पण वेळ आधीच निघून गेली होती. गर्भाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतात ती नळी गर्भधारणेनंतर सुमारे अठ्ठावीस दिवसांत मिटते. तेव्हा पुष्कळ बायकांना दिवस राहिल्याचा पत्ताही नसतो. हीच बाई लग्नानंतर वर्षभर सर्दी-तापासाठी माझ्याकडे येत होती. तेव्हा मी तिला एका शब्दाने विचारले नाही, ही चूक माझी. आज मी हा विषय लिहितो आहे तो त्यासाठीच.

ह्या फोलिक आम्लाच्या शोधाची सुरुवात आपल्या मुंबईतच झाली, हे वाचकांना ठाऊक असावे. १९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज महिला डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणीकामगार बायकांना गरोदरपणी होणारा एक रक्तक्षय यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे त्यांनी १९३१ साली दाखवून दिले. पुढे १९४१ साली अमेरिकेत तो घटक पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला. लॅटिन भाषेत पानाला ‘फोलियम’ म्हणतात, त्यावरून त्याचे नाव पडले. १९९१ साली ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांना आधी असे मूल झाले होते त्या स्त्रियांनी गर्भधारणेपूर्वीपासून ही गोळी घेतली, तेव्हा पुन्हा तसे मूल होण्याचा धोका जवळजवळ तीन-चतुर्थांशाने घटला. आज सर्वसाधारण स्त्रीला दिवस राहण्याच्या निदान एक महिना आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल घ्यायला सांगतात. आधीच्या बाळात दोष असेल तर मात्रा अधिक लागते. ती डॉक्टरांनीच ठरवावी.

आता कच्च्या अन्नाकडे वळू. त्याची बाजू अगदीच लंगडी नाही. ‘क’ जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते. पालेभाजी भरपूर पाण्यात उकडून ते पाणी ओतून दिले तर पानातले फोलिक आम्लही बरेचसे मोरीत जाते. आवळा, पेरू, लिंबू, काकडीची कोशिंबीर, मेथीची पचडी, अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची फोड हे रोज ताटात असावे, असे मी आग्रहाने सांगेन. भाजीवर पिळलेले लिंबू तिच्यातले लोह अंगी लागायला मदत करते, आणि जेवणाबरोबर घेतलेला चहा तेच लोह अडवतो.

परंतु ‘फक्त कच्चे’ ही गोष्ट निराळी. गांधीजींनीही हा प्रयोग करून पाहिला होता, १८९३ साली प्रिटोरियात आणि पुन्हा १९२९ साली. दोन्ही वेळा तो सोडावा लागला. अलीकडचा पुरावा अधिक बोलका आहे. १९९९ साली जर्मनीतील गीसेनच्या संशोधकांनी बराच काळ कच्च्या आहारावर असलेल्या सुमारे पाचशे स्त्री-पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. पंचेचाळीस वर्षांखालील स्त्रियांपैकी सुमारे तीस टक्के जणींची पाळी अनियमित झाली होती किंवा बंद पडली होती, आणि आहार जितका अधिक कच्चा तितके हे प्रमाण जास्त होते. अशाच कच्चाहारी लोकांच्या पुढच्या एका तपासणीत दर तिघांत एकाहून अधिक जणांना ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. कच्च्या पाल्याने पोट भरते, पण शरीराला लागणारी ऊर्जा पुरत नाही. घरात धान्य नसताना पाहुणा बोलवू नये, हे शरीरालाही कळते. ते बीजांड सोडणेच थांबवते. मूल व्हावे म्हणून घेतलेले व्रत मुलाच्याच आड येते ते असे. आमच्या चोवीस वर्षांच्या मुलीचे नेमके हेच झाले होते.

मग दिवस राहण्यापूर्वी खावे तरी काय? ह्याचेही उत्तर खाडीपलीकडे, मुंबईतच शोधले गेले आहे. २००६ ते २०१२ ह्या काळात मुंबईच्या झोपडपट्ट्यांत डॉ. रमेश पोतदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साडेसहा हजारांवर स्त्रियांची नोंद करून एक प्रयोग केला. गर्भधारणेपूर्वीपासून बाळंत होईपर्यंत निम्म्या जणींना रोज पालेभाजी, फळे आणि दूध घालून केलेला एक खाऊ दिला. उरलेल्यांना बटाटा-कांद्यासारख्या साध्या भाज्यांचा. खाऊ शिजवलेलाच होता. सगळ्या बाळांचा हिशेब एकत्र केला तेव्हा वजनात ठळक फरक पडला नाही. मात्र ज्यांनी तो दिवस राहण्याआधी निदान तीन महिने खाल्ला होता, त्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने भारी भरली. पालेभाजीच्या गटात गरोदरपणातला मधुमेह ७.३ टक्के जणींना झाला, तर दुसऱ्या गटात १२.४ टक्के जणींना. फार हडकुळ्या आयांच्या बाळांचे वजन मात्र वाढले नाही. म्हणजे मूळ जेवणच अपुरे असेल तर एका चांगल्या खाऊने भागत नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत केलेल्या अभ्यासातही पालेभाज्या, फळे आणि दूध वरचेवर घेणाऱ्या मातांची बाळे अधिक भरलेली आढळली.

त्या दिवशी हे सगळे मी त्या मुलीला समजावत असताना सासूबाईंनी मध्येच विचारले, “डॉक्टर, शेवळं कोणी कच्ची खातं का हो?” मी बोलायचे थांबलो. बाईंनी एका वाक्यात माझे अर्धे व्याख्यान संपवले होते. शेवळांत काकडं घालून ती नीट शिजवली नाहीत तर घशाला खाज सुटते. अळूचे तेच. कडव्या वालांना मोड आणून, सोलून आपण बिरडे करतो, ते कच्चे कोणी तोंडात टाकत नाही. टाकळा, कुर्डू, भारंगी ह्या पावसाळी भाज्या शिजवूनच खायच्या, आणि काकडी, मुळा, मेथी कच्ची चालते. काय कच्चे आणि काय शिजवून, हे ज्ञान आपल्या चुलीपाशी पूर्वापार आहे. भातशेती होती तेव्हा राब भाजल्याशिवाय ह्या भागात कोणी रोप टाकत नसे. जमिनीची मशागत आधी, बी नंतर. जमिनी गेल्या, इमारती आल्या, आणि हे शहाणपण सांगणारी सासू व ऐकणारी सून यांच्यातला धागाही सैल झाला. त्यामुळे कुठलीतरी अर्धवट माहिती हाती लागते आणि डोंगर उचलला जातो.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. हे शिक्षण लग्नाच्या सुमारास मिळाले पाहिजे, दिवस राहिल्यावर नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. २०१८ च्या ‘अॅनिमिया मुक्त भारत’ योजनेत गरोदर नसलेल्या स्त्रियांसाठीही आठवड्याला लोह-फोलिकची एक गोळी आहे, पण ती मागायला जाते कोण? आमच्या भागात हळदीचा थाट केवढा असतो ते मी सांगायला नको. त्या खर्चात नवरा-नवरी दोघांची रक्ततपासणी सहज बसेल. महाविद्यालयांनी, बचत गटांनी वर्षातून एक तास ह्या विषयाला द्यावा. माझ्यासारख्या डॉक्टरांनी नवविवाहितेला, ती कशासाठीही आलेली असो, हा प्रश्न आपणहून विचारावा. आणि नवरेमंडळींनी हसण्यावारी नेऊ नये. पुरुषबीज तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. तंबाखू आणि दारू सोडण्याचा मुहूर्त त्याआधीचा धरावा.

मूल हवे असणाऱ्यांनी निदान तीन महिने आधीपासून एवढे करावे. रोज एक पालेभाजी, थोड्या पाण्यात, झाकण ठेवून शिजवलेली. एक कच्ची कोशिंबीर, भाज्या वाहत्या पाण्याखाली दोन-तीनदा धुऊन. एक फळ. दूध-दही, आणि चालत असेल त्यांनी अंडी व नीट शिजवलेली मासळी, कारण ब-१२ पाल्यात नसते. डाळ-भात-भाकरी पोटभर. हिमोग्लोबिनची तपासणी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने फोलिक आम्लाची गोळी. दिवस राहिल्यावर मोड आलेली कडधान्ये वाफवूनच घ्यावीत, कारण कच्च्या मोडांत जंतू वाढण्याचा धोका असतो.

त्या मुलीने भाकरी, दूध आणि मासळी पुन्हा सुरू केली, लोहाच्या गोळ्या घेतल्या. तिसऱ्या महिन्यात तिची पाळी परतली. गेल्या आठवड्यात ती आली तेव्हा हिमोग्लोबिन ११ च्या वर गेले होते. मूल अजून नाही, आणि तिला घाई नाही. सकाळची कोशिंबीर तिने सोडलेली नाही. आता सासूबाईही तिच्याबरोबर ती खातात.