मैदानबंदी



एकाधिकार खरेदीच्या काळात कापूस राज्याबाहेर न्यायला बंदी होती. तशीच बंदी इंग्लंडमध्ये कापूसगिरण्यांच्या प्रेस्टन गावातल्या पोरींनी सोसली.

१९१७ साली डिक-कर कारखान्यातल्या कामगार मुलींनी फुटबॉलचा संघ काढला. जखमी सैनिकांसाठी त्या निधी जमवत. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलला त्यांचा सामना पाहायला ५३ हजार माणसे लोटली. वर्षभरात फुटबॉल असोसिएशनने ‘हा खेळ बायकांना योग्य नाही’ म्हणून आपली मैदाने बंद केली. बंदी उठायला पन्नास वर्षे लागली. संघ मात्र मिळेल त्या मैदानावर १९६५ पर्यंत खेळला.

बंदी घालणारा भल्याचीच भाषा बोलतो. सरकारी बंदी आपण मोडू म्हणतो. नांदेड-लातूरच्या आपल्याच घरांत पोरींवर असलेली मैदानबंदी कोण मोडणार?