एम-थ्री आणि रोजची भाकर

परीक्षा जवळ आली की आमच्या होस्टेलवर भक्तीला पूर येतो. एरवी दहाला उठणारी मंडळी सहाला अंघोळ करून गंध लावून फिरतात. कोणी शनिवार धरतो, कोणी नारळ बोलतो. मी नगरचा मराठी ख्रिस्ती (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय), त्यामुळे दर सेमिस्टरला मला ठरलेला प्रश्न, "काय रे, तुमच्यात काय बोलतात? मेणबत्ती?"

खरं सांगायचं तर मीही बोलायचो. वस्तू वेगळी, सौदा तोच. "प्रभू, एवढा एम-थ्री काढून दे, एकही रविवार चुकवणार नाही." सेकंड इयरला एम-थ्री निघाला तर नाहीच, जाताना आणखी पाच विषय सोबत घेऊन गेला. वाय.डी.! घरी पप्पांची कंपनी बंद पडून आठ महिने झाले होते, आईच्या एकटीच्या पगारावर घर आणि माझं एज्युकेशन लोन. अशा वेळी हा रिझल्ट.

पुढच्याच रविवारी चर्चमध्ये तरुणांची साक्ष होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सगळ्यांना सांगायचं. एकाला डिस्टिंक्शन मिळालं होतं, एकीला कॅम्पसमध्ये नोकरी. दोघांनीही मनापासून आभार मानले, सगळे "आमेन" म्हणाले. मी शेवटच्या बाकावर मान खाली घालून. डोक्यात एकच किडा वळवळत होता : यांना प्रभूने पास केलं, तर मग मला कोणी नापास केलं?

उत्तर साधं आहे, मी केलं. लॅप्लेस ट्रान्सफॉर्मचं युनिट मी ऑप्शनला टाकलं होतं, त्यात सैतानाचा काही हात नाही. देवाने बुद्धी दिली, वह्या दिल्या, पी.एल. दिली. पेपरही त्यानेच लिहावा ही अपेक्षा जरा जास्तच होते, नाही का? आमच्या मंडळीतल्या लोकांना राग आला तरी चालेल, पण मला वाटतं की साक्षीच्या दिवशी आपण फक्त निकालाच्या जाहिराती ऐकतो. नापास झालेला, नोकरी गेलेला माणूस उभाच राहत नाही. मग त्याला वाटतं, आपलाच विश्वास कमी पडला. हे फार वाईट आहे.

त्याच महिन्यात एसटी चुकली म्हणून दौंडमार्गे रेल्वेने घरी निघालो होतो. गाडी केडगावला थांबली. (आमच्या नगरलाही एक केडगाव आहे, ते वेगळं. हे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं.) लहानपणी संडे स्कूलमधून तिथे सहलीला आलो होतो, तेव्हा डबा खाण्यापलीकडे काही लक्षात राहिलं नव्हतं. खिडकीतून पाटी दिसली आणि रमाबाईंचं आयुष्य डोक्यात फिरायला लागलं. तरुणपणीच उपासमारीच्या दिवसांत आईवडील गेले, बहीण गेली. लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच नवरा पटकीने गेला. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. म्हणजे आता सगळं सुरळीत व्हायला हवं होतं, सौद्याच्या हिशेबाने! पण १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी, मनोरमा, तीही गेली. बाई तेव्हा हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या. ते काम थांबलं नाही. मुक्तीतल्याच छापखान्यात बायका खिळे जुळवत होत्या. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं.

या बाईंना श्रद्धेतून काय 'मिळालं' असं कोणी विचारलं, तर मार्कशीटसारखं दाखवता येईल असं काहीच नाही. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पुन्हा कामाला बसल्या. मला वाटतं, विसंबणं म्हणतात ते हेच. खुद्द येशूनेही गेथशेमाने बागेत दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवणी केली, तो टळला नाही. आणि त्याने शिकवलेल्या प्रार्थनेत भाकर मागितली आहे ती फक्त आजच्यापुरती. सहा महिन्यांचं रेशन नाही, प्लेसमेंटची गॅरंटी नाही.

घरी गेल्यावर आईला म्हटलं, "मला आता प्रार्थनाच करता येत नाही." ती नाइट ड्युटीला निघाली होती. म्हणाली, "मग तेच सांग त्याला. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत बाळा, कितीतरी नुसती गाऱ्हाणी आहेत." आणि दोन दिवसांनी मला डॉक्टरांकडेही घेऊन गेली, कारण मला झोप येत नव्हती, जेवण जात नव्हतं. आमच्याकडे काही जण याला विश्वासाची कमतरता म्हणतील. आई नर्स आहे, तिचं म्हणणं, "पेशंटला प्रार्थना करून गोळीच देते ना मी?"

रूममेट पंढरपूरकडचा. त्याला हे सगळं सांगितलं तेव्हा वाटलं, हसेल. तो म्हणाला, "माझी आजी दरवर्षी वारीला जाते. विठोबाकडे काय मागतेस विचारलं तर म्हणते, मागायला कशाला, भेटायला जाते." त्याची आजी आणि माझी आई भेटल्या तर जमेल त्यांचं.

वाय.डी.चं वर्ष कसं काढलं? चमत्कार वगैरे काही झाला नाही. सकाळी पाच मिनिटं प्रार्थना, तीही बऱ्याचदा गाऱ्हाणंच, मग एक युनिट. उद्याचं उद्या. दुपारी ज्युनिअर पोरांना ड्रॉइंग शिकवून मेसचे पैसे सुटायचे. पप्पा एका गोडाऊनवर लागले, पगार निम्मा. सहापैकी पाच विषय निघाले. एम-थ्री अजून आहेच, पुढच्या महिन्यात पुन्हा भेट.

गेल्या रविवारी परत साक्ष होती. यंदा मी उभा राहिलो. म्हटलं, "माझं वर्ष गेलं, एक विषय अजून राहिलाय, आणि तरी मी इथे आहे." "आमेन" जरा उशिराच आलं, दोन-चारच आवाज होते. बाहेर गाडीला किक मारत होतो तर डिप्लोमाचा एक मुलगा जवळ येऊन उभा राहिला. इकडेतिकडे बघितलं, मग हळूच म्हणाला,

"दादा, माझे तीन राहिलेत. घरी अजून सांगितलं नाही."

मी गाडी बंद केली.