आमचं तोंड कोणाच्या खिशात?



यंदाच्या चौदा एप्रिलचा हिशेब माझ्यासमोर आहे. मंडप, कमान, डीजे, फटाके, जेवण. सगळ्यात खाली सही माझी. पुस्तकांच्या नावानं एक रुपया नाही. दुसऱ्या दिवशी सातवीतलं एक पोरगं म्हणालं, "दादा, फोटोत बाबासायबाच्या हातात पुस्तक हाये. मंग आपल्या विहारात काहून नाही?"

मी गप्प. काय सांगू?

सरकारला शिव्या घालणं सोपं आहे आणि त्या घातल्याच पाहिजेत. बाबासाहेबांच्या ग्रंथांच्या नऊ लाख प्रती छापायचं ठरलं, त्यासाठी साडेपाच कोटींच्या आसपास रुपयांचा कागद घेतला आणि छापून झाल्या ३३ हजार. बाकीचा कागद गोदामात धूळ खात पडला. वर्तमानपत्रात ही बातमी आली तेव्हा डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. पुतळ्याला हार घालायला मंत्री धावत येतात, पुस्तक छापायचं म्हटलं की यांचे हात लुळे पडतात. पुतळा बोलत नाही ना.

पण ज्या प्रती निघाल्या त्या तरी आपण वाचल्या काय? खरं सांगा. मोबाइलच्या स्टेटसवर बाबासाहेबांच्या नावानं रोज एक वाक्य फिरतं. त्यातलं निम्मं त्यांनी कधी लिहिलंच नाही. आपण वाचत नाही म्हणून कोणीही आपल्या बापाच्या तोंडी काहीही घालतो.

वेळ नाही म्हणता? फलटणच्या बेबीताई कांबळे आठवा. घरात छोटंसं किराणा दुकान. पुड्या बांधायला रद्दीचे कागद यायचे, त्या पुडी बांधायच्या आधी कागद वाचायच्या. मग लिहायला लागल्या, तेही चोरून. नवऱ्याला कळू नये, पोराला कळू नये. ती वही वीसेक वर्षं लपून राहिली. 'जिणं आमुचं' पुस्तक म्हणून आलं १९८६ मध्ये. जातीपासून लपवावं लागतं हे आपण भाषणात सांगतो. घरातल्या पुरुषापासूनही लपवावं लागलं, हे सांगताना आपली जीभ अडखळते. आपल्या मोर्चात बायका पुढे आणि माइक आपल्या हातात. मीही त्यातलाच.

आता प्रतिनिधित्वाचं बोलू. हा शब्द आपण फक्त राखीव जागेपुरता वापरतो. १९५४ ची भंडाऱ्याची पोटनिवडणूक म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेली ऐकली असेल. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता, वेगळा झाला १९९९ ला. बाबासाहेब उभे होते, राखीव जागेवर. हरले. काँग्रेसचा उमेदवार निवडून आला आणि तोही आपल्यातलाच. १९३२ च्या पुणे करारानं जागा आपल्याला दिल्या, पण त्या जागेवर कोण बसणार हे ठरवायची पेटी सगळ्या गावाची ठेवली. माणूस आपला, मर्जी त्यांची. बाबासाहेब स्वतंत्र मतदारसंघ कशासाठी मागत होते ते इथल्या मातीत त्यांच्याच पराभवानं दाखवून दिलं.

लिहिण्याचंही तेच आहे. आपल्यावर लिहिलेलं भरपूर सापडेल. दया दाखवणारं, आकडे मांडणारं, फोटो काढणारं. पण आपल्यातलं कोणाचं छापायचं, कोणतं वाक्य ठेवायचं, ते ठरवणारा हात कोणाचा?

खैरलांजी आपल्या शेजारच्या जिल्ह्यात. २९ सप्टेंबर २००६. सुरेखा, प्रियंका, सुधीर, रोशन भोतमांगे. चार जीव. कित्येक आठवडे मोठ्या पेपरांना त्याचं काही वाटलं नाही आणि सुरुवातीला जे बाहेर आलं त्यात मेलेल्या बाईच्या चारित्र्यावरच बोट. जमिनीचं नाव नाही, जातीचं नाव नाही. नोव्हेंबरात विदर्भातल्या बाया-माणसं रस्त्यावर आली तेव्हा कुठं देशाला कळलं. तर गृहमंत्री म्हणाले, यामागे नक्षलवादी आहेत! म्हणजे आपल्याला स्वतःहून रागही येत नाही, तोही कोणीतरी जंगलातून आणून द्यावा लागतो. खटला उभा राहिला, शिक्षा झाल्या, पण ॲट्रॉसिटीचा कायदा कोर्टात टिकला नाही. पहिल्या दिवशी जात खोडली ती शेवटपर्यंत खोडलेलीच राहिली. पहिली बातमी कोण लिहितो याला एवढी किंमत असते, बाबांनो.

बाबासाहेबांना हे १९२० मध्येच कळलं होतं. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'नं छापली नाही. आपल्या नागपूरकडच्या किसन फागोजी बनसोडेंनी तर स्वतःचा छापखाना घातला आणि पत्रं काढली. खिळे आपले तर मजकूर आपला.

कोणी म्हणेल, आम्हाले लिवता येत नाही. कोण म्हणालं? शाळेत माझ्या निबंधावर गुरुजींनी लाल शाईनं रेघा मारल्या होत्या. 'मायनं सुपडं मांडीवर घेतलं' असं लिहिलं होतं मी. माय खोडून आई केलं. सुपडं तर सगळंच खोडलं. माझी माय त्या सुपड्यात तेंदूपत्ता आणि तंबाखू घेऊन रात्री दिव्याखाली बिड्या वळायची. सकाळी सट्टेदार त्यातल्या मूठभर बिड्या खराब म्हणून बाजूला टाकायचा. पैसे त्याचे नाही द्यायचा आणि बिड्याही परत नाही द्यायचा. सुपडं खोडल्यावर त्या निबंधात काय उरलं? एक स्वच्छ आई, जी कोणाचीच नव्हती. मला दहापैकी सात मार्क मिळाले आणि पुढची कित्येक वर्षं मी सात मार्कांचंच लिहीत राहिलो. भाषणंसुद्धा तशीच केली.

तेव्हा आता एवढं ठरवलं आहे. पुढच्या अंकाची चार पानं कोरी ठेवतो आहोत. धानाच्या बांधावरचं, राइस मिलमधलं, आश्रमशाळेतलं, सट्टेदाराच्या दारातलं, जे असेल ते द्या. पेन्सिलीनं लिहा, वहीच्या फाटक्या पानावर लिहा. झाडीबोलीत लिहा, पोवारी मिसळा, हिंदी घुसली तर घुसू द्या. ज्या मायबहिणीला लिहिता येत नाही तिच्याजवळ बसा आणि ती सांगेल ते उतरवून घ्या. तिचा शब्द बदलू नका, तिचं नाव द्यायचं की नाही तेही तिलाच विचारा. आणि येत्या वर्षी वर्गणीच्या पावतीबुकात पुस्तकांचा रकाना पहिला. डीजेवाल्याला मी सांगून आलो आहे. तो जरा नाराज आहे.

जय भीम.