चित्रकाराचा मोबदला ही भीक नव्हे!

सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर भगवान बुद्धांची व बाबासाहेबांची चित्रे घेण्यासाठी लोकांची रीघ लागते. त्या चित्रांवर कागदवाला जगतो, छापखानेवाला जगतो, विक्रेता जगतो. मात्र ज्याच्या हातून चित्र उतरले त्याने दाम मागितले, की ‘हा बाबासाहेबांच्या नावाचा व्यापार करतो’ असा गहजब उठतो. हा न्याय कोठला?

फुकट राबवून घेण्याची ही रीत आपणांस नवी नाही. महार वतनात काम ठरलेले असे; मोबदला मात्र देणाऱ्याच्या मर्जीवर. त्या गुलामगिरीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. बलुते झुगारून देणाऱ्या समाजाने आपल्याच कलावंताला पुन्हा बलुतेदार करावे काय?

काही जण म्हणतील, धम्मकार्यात पैशाची भाषा कशाला? त्यांना आमचे उत्तर असे : दान देणारा देतो, घेणाऱ्याने ते परस्पर उचलायचे नसते. न दिलेले घेण्यापासून दूर राहण्याचे शील आपण रोज ग्रहण करतो. न विचारता छापलेले चित्र त्या शीलात बसत नाही. कलावंतास दान करावयाचे असेल तर त्याने खुशाल करावे, परंतु किती प्रतींसाठी, हे लिहून द्यावे.

कायदाही कलावंताच्या बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यान्वये चित्र काढताच त्यावर हक्क निर्माण होतो. नोंदणी उपयुक्त असली तरी सक्तीची नाही. मूळ चित्र विकले म्हणून ते छापण्याचा हक्क आपोआप विकला जात नाही. शेत खंडाने दिले म्हणून मालकी जात नाही, तद्वतच छपाईचा परवाना दिला म्हणून हक्क जात नाही. तथापि एक खाच ध्यानी ठेवावी. मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून चित्र काढले आणि उलट करार केला नाही, तर कलम १७ प्रमाणे कॉपीराइटचा प्रथम मालक सांगणारा ठरू शकतो. म्हणून कुंचला उचलण्यापूर्वी कागद करावा.

परवाना लेखीच हवा. त्यात कोणते चित्र, कशावर छापणार, किती प्रती, किती मुदत, कोणता प्रदेश व किती मोबदला, हे स्पष्ट असावे. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षे धरतो. प्रदेश लिहिला नाही तर संपूर्ण भारत. हे मौन कलावंतास महाग पडते.

दाम कसे ठरवावे? चित्राला किती दिवस लागले, एवढेच पाहू नये. त्याचा उपयोग किती होणार, हे पाहावे. समजा, दिनदर्शिकेच्या ५,००० प्रती प्रत्येकी ४० रुपयांस विकावयाच्या आहेत. एकूण विक्री २,००,००० रुपये. शेकडा पाच ठरल्यास कलावंताचे १०,००० रुपये होतात. त्यांपैकी निम्मे चित्र हाती देतानाच घ्यावेत आणि उरलेले कधी मिळणार ती तारीख करारात घालावी. प्रती वाढल्या तर रक्कम वाढावी. दुसऱ्या कोणासही न देण्याची अट प्रकाशक घालीत असेल, तर दरही चढा हवा. छपाईचा हिशेब पाहण्याचा अधिकार राखावा. हक्क दिल्यानंतरही चित्रावर आपले नाव सांगण्याचा व मानहानीकारक विकृती रोखण्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे कलावंताकडेच राहतो.

बंधुभगिनींनो, आपल्या मुलामुलींपैकी कोणी चित्रकार असेल तर त्यास वाहवा द्या, परंतु सही करण्यापूर्वी कागद वाचावयासही शिकवा. आणि जयंती मंडळाच्या चालकांनो, मंडपवाल्याचे, ध्वनिक्षेपकवाल्याचे देणे तुम्ही चुकते करता, तसे चित्रकाराचेही करा. तो वर्गणीदार नव्हे, घेणेकरी आहे!