डबीवरचा ‘नॅनो’ आणि पिठल्याच्या गुठळ्या

ओपीडीत मधुमेहाचे रुग्ण औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करतात, तेव्हा गोळ्यांबरोबर कधी कधी भस्माची डबीही निघते. ‘नॅनो आहे डॉक्टर, किडनीला काही होत नाही,’ असं रुग्णच मला समजावतात. एखाद्या डबीवर आकडाही असतो, इतके नॅनोमीटर म्हणून. माझा प्रश्न त्या आकड्याविषयी आहे: मोजण्याआधी गुठळ्या कशा फोडल्या?

आमच्या धाराशिवकडे पिठलं करणाऱ्या कुणालाही हा प्रश्न कळेल. बेसन कितीही बारीक असो, उकळत्या पाण्यात तसंच टाकलं की गुठळ्या होतात. त्या मोजून ‘बेसन जाडं आहे’ म्हणणं चूकच. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. साधारण 1 ते 100 नॅनोमीटरच्या कणांना नॅनो म्हणतात, आणि हे कण बेसनापेक्षा कितीतरी घट्ट चिकटतात. आकार मोजण्याच्या एका नेहमीच्या पद्धतीत कण द्रवात मिसळून त्यावर लेझर सोडतात. पण इतक्या लहान कणाने विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. दहापट व्यासाची एक गुठळी सुमारे दहा लाख सुट्या कणांइतका प्रकाश फेकते. थोड्याशा गुठळ्या असल्या तरी यंत्राला त्याच दिसतात.

म्हणून आधी कण नीट भिजवावे लागतात, द्रवाची आम्लता अशी ठेवावी लागते की कण एकमेकांना दूर ढकलतील, आणि मग ध्वनिलहरींचा मारा करावा लागतो. या लहरी सोनोग्राफीपेक्षा कमी कंप्रतेच्या, पण फार जोरकस. मारा कमी पडला तर गुठळ्या राहतात. जास्त झाला तर द्रव तापतो, कण पुन्हा चिकटतात किंवा स्वतःच फुटतात. एकाच नमुन्याचे दोन प्रयोगशाळांत दोन आकडे येऊ शकतात, आणि दोन्ही प्रामाणिक असू शकतात.

भस्मात नॅनो कण असतात हे मी नाकारत नाही. आयआयटी मुंबईच्या जयेश बेल्लारे आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये जसद म्हणजे जस्ताच्या भस्मात ते दाखवले. रसशास्त्राच्या जुन्या परीक्षांचाही मला आदर आहे. भस्म बोटांच्या रेषांत भरलं पाहिजे, ते रेखापूर्ण. पाण्यावर तरंगलं पाहिजे, ते वारितर. काय केलं आणि काय दिसलं, हे त्यात उघड आहे. (जी पूड सहज भिजत नाही म्हणून तरंगते, तीच यंत्रातल्या पाण्यातही गोळा होते, ही गंमत वेगळीच.)

खटकतं ते एवढंच, की प्रयोगशाळेत गुठळ्या फोडून मिळालेला आकडा डबीवर जातो आणि रुग्ण मात्र भस्म मधात चाटतो. पोटातल्या आम्लात जस्ताचं ऑक्साइड विरघळतं, सोनं विरघळत नाही. म्हणजे पुढे काय होणार हेही त्या आकड्यावरून कळत नाही. आकडा छापायचाच तर दोन छापा: गुठळ्या फोडण्याआधीचा आणि नंतरचा. कुठल्या द्रवात, किती वेळ लहरी दिल्या, तेही लिहा.

किडनीचा प्रश्न तर याहून वेगळा. नागभस्म शिशाचं असतं. शिसं शरीरात साठतं, आणि कण बारीक असल्याने ते सौम्य होत नाही. त्यामुळे डबी घेऊन आलेल्या रुग्णाचं क्रिएटिनिन मी तपासायला लावतो, आणि डबीत नेमकं कोणतं भस्म आहे ते केसपेपरवर लिहून ठेवतो.