मोडीत घालण्याआधी चित्र काढा

नाशिकची तांब्या-पितळेची भांडी म्हटलं की आपली छाती फुगते. आणि आजीचा पितळी बंब किलोच्या भावानं मोडीत घालणारेही आपणच!

"अरे, पण मोबाईलवर फोटो काढून ठेवलाय की!"

उपयोग शून्य. फोटो म्हणजे स्क्रीनशॉट, सोर्स कोड नव्हे. फोटोत बंबाचं चकचकीत पोट दिसतं. मधली नळी, तिच्यातला जाळ, भोवती तापणारं पाणी, राख पडायची जागा यातलं काय दिसतं? त्यासाठी मापं घेऊन उभा छेदच काढावा लागतो. तांबटाच्या मठारकामाचंही तेच. फ्लॅश मारला की ठोके गायब, उरते नुसती चमक. चित्रकाराला मात्र एकेक ठोका बघावाच लागतो.

हे खूळ माझं नाही. महामंदीत, १९३५ साली, अमेरिकन सरकारनं बेकार चित्रकारांना पगार देऊन जुन्या खुर्च्या, मडकी, गोधड्या, खेळणी जलरंगात हुबेहूब उतरवून घेतली. 'इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन' हे त्या कामाचं नाव. १९४२ पर्यंत १८ हजारांच्या आसपास चित्रं झाली. आज ती वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहेत. तेव्हा रंगीत फोटो भरवशाचे नव्हते, हे कबूल. पण छेद आणि ठोके आजच्या कॅमेऱ्यालाही कुठे जमतात?

आपल्याकडे पुण्यात दिनकर केळकरांनी आयुष्य वेचून दिवे, अडकित्ते अशा वीस हजारांवर वस्तू जमवल्या आणि १९७५ मध्ये संग्रह सरकारला दिला. त्यांना दंडवतच. पण घरोघरची घंगाळं कुठलं संग्रहालय ठेवून घेणार? चित्राला मात्र एक कागद पुरतो.

आणि नाशिकला जलरंगवाल्यांचा काय तोटा? शिवाजी तुपेंचं गाव हे! गोदाघाट जरूर रंगवा, पण दर चार रविवारांतला एक घरातल्या भांड्याला द्या. सोबत माप, वजन, घरातलं नाव आणि वापर लिहा. स्कॅनिंग आणि डेटाबेस आम्ही आयटीवाले बघू, वीकेंडला नाहीतरी मॉलच पालथे घालतो.

फक्त एक अट. चित्रकाराला पैसे द्यायचे. 'तुमचं नाव होईल' हे गाजर नको. सिंहस्थाच्या कोट्यवधींत एवढी रक्कम सहज बसेल.

नाहीतर नातवंडं विचारतील, "बंब म्हणजे आगीचाच ना?"

तेव्हा दाखवा तो फोटो!