संप केला म्हणून नोकरी जावी?

संपकरी कामगारांना सरळ घरी बसवावे, म्हणजे पुन्हा कोणी संपाचे नाव घेणार नाही, असे आपल्यातले पुष्कळ जण बोलून दाखवतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये तर हे वाक्य काचीगुड्यापासून कुकटपल्लीपर्यंत हैदराबादच्या मराठी घरांत सर्रास ऐकू येत होते. ऐन दसऱ्यात आरटीसीच्या गाड्या थांबल्या. नांदेड, लातूर, परभणीकडे गावी निघालेल्यांचे हाल झाले. राग येणे स्वाभाविकच होते. पण रागाच्या भरात बोललेले वाक्य कायदा म्हणून चालेल का, हे शांतपणे तपासायला हवे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाल्यामुळे तर अधिकच.

तेव्हा काय घडले होते? ५ ऑक्टोबर २०१९ रोजी तेलंगणा आरटीसीचे सुमारे ४८ हजार कर्मचारी संपावर गेले. मुख्य मागणी महामंडळाचे कर्मचारी सरकारी सेवेत घेण्याची. शेजारच्या आंध्रने तसा निर्णय नुकताच घेतला होता. त्याच संध्याकाळी सहापर्यंत कामावर या, नाही तर तुम्ही कर्मचारी उरणार नाही, अशी मुदत सरकारने दिली. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनी महामंडळात आता जेमतेम १,२०० कर्मचारी उरले असल्याचे जाहीर केले. बाकीच्यांनी म्हणे आपली नोकरी आपणच घालवली! आरोपपत्र नाही, चौकशी नाही, बाजू मांडण्याची संधी नाही. सप्टेंबर महिनाभर काम केले होते, त्याचाही पगार अडकला. खम्मममध्ये एका चालकाने स्वतःला पेटवून घेतले आणि त्यात त्याचा जीव गेला.

संप ५२ दिवस चालला. २५ नोव्हेंबरला कामगारांच्या कृती समितीने तो मागे घेतला, तरी त्यांना दारातूनच परत पाठवण्यात आले. चारच दिवसांनी मात्र त्याच सरकारने सर्वांना कामावर घेतले आणि पुढे संपकाळाचा पगारही जाहीर केला. ऑगस्ट २०२३ मध्ये याच मागणीचे विधेयक त्याच मुख्यमंत्र्यांच्या काळात विधानसभेत मंजूर झाले. जी मागणी चार वर्षांनी मान्य करता येते, ती केली म्हणून ४८ हजार घरांची चूल विझवायला निघणे याला कारभार म्हणायचे की हट्ट?

महाराष्ट्रातही फार वेगळे झाले नाही. एसटीचा संप २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास पेटला आणि एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. हजारो कर्मचारी बडतर्फ झाले. शेवटी मुंबई उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर हजर व्हा असे कामगारांना सांगितले, आणि हजर होणाऱ्यांना नोकरीवरून काढू नका असे महामंडळालाही बजावले. त्याआधी २००३ मध्ये तमिळनाडू सरकारने सुमारे पावणेदोन लाख कर्मचारी एका फटक्यात काढले होते. सरकारी नोकरांना संपाचा हक्कच नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्या वेळी सांगितले. तरीसुद्धा बहुतेकांना परत घ्यावेच लागले. सगळे एकदम काढून राज्य चालत नाही.

आता हिशेबाचे बोलू. आम्ही बँकेतली माणसे, त्यामुळे नावे आणि जमा पाहिल्याशिवाय आमचे समाधान होत नाही. संपाच्या दिवशी बँक कर्मचाऱ्याचा पगार कापला जातो. तो कापू नये, असे आम्ही कधीच म्हटले नाही. काम नाही तर दाम नाही, हा व्यवहार दोन्ही बाजूंना समजतो. मालकाचे रोजचे उत्पन्न बुडते, कामगाराचा रोजचा पगार बुडतो, आणि दोघांनाही झळ लागते म्हणूनच तडजोड होते. नोकरीवरून काढण्याचा अधिकार मालकाच्या हाती आला की हा तराजू मोडतो. वीस वर्षे सेवा झालेला वाहक संपात उतरला, तर त्याचे नुकसान मग ५२ दिवसांच्या पगाराचे राहत नाही. सेवाज्येष्ठता, पुढची वेतनवाढ, मुलीच्या लग्नासाठी पतपेढीतून काढलेल्या कर्जाचे हप्ते, सगळेच बुडते. चाळिशी उलटलेल्या माणसाला दुसरीकडे तशी नोकरी कोण देणार?

मारहाण करणारा, गाडीची काच फोडणारा, कामावर जाणाऱ्याला अडवणारा कामगार वेगळा. त्याची चौकशी व्हावी आणि दोष सिद्ध झाल्यास त्याला काढावे. त्याच्यासाठी आम्ही एक शब्दही खर्च करणार नाही. शांतपणे संपात उतरलेला आणि दंगा करणारा यांत आपल्या न्यायालयांनीही फरक केला आहे. अहमदाबादच्या गुजरात स्टील ट्यूब्जने १९७३ च्या संपात शेकडो कामगार एकदम कमी केले होते. ती कारवाई म्हणजे शिक्षाच होती, असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने कामगारांना परत घ्यायला लावले. तसेच रुग्णालय, पाणी, वीज यांसारख्या सेवांत नोटीस आणि किमान सेवेचे बंधन कडक असावे, हेही आम्हाला मान्य आहे.

संघटनांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही, आणि गिरण्यांबरोबर हजारो नोकऱ्या कायमच्या गेल्या. माघारीची वाट न ठेवता संपात उतरणारा पुढारी मालकाचे काम सोपे करतो.

आता नव्या संहितेकडे पाहा. पूर्वी सहा आठवड्यांच्या आत नोटीस देण्याचे बंधन फक्त लोकोपयोगी सेवांना होते. आता प्रत्येक औद्योगिक आस्थापनेत संपापूर्वी किमान १४ दिवसांची नोटीस हवी. समेटाची बोलणी चालू असताना आणि ती संपल्यावर सात दिवस संप करता येत नाही. न्यायाधिकरणापुढे प्रकरण असेल तर तेव्हाही नाही, आणि त्यानंतर आणखी ६० दिवस नाही. निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली, तर तोही संपच. बेकायदा संपात भाग घेणाऱ्याला एक हजार ते दहा हजार रुपये दंड किंवा महिन्यापर्यंत कैद. नोटीस दिली की समेट सुरू, आणि समेट सुरू झाला की संप बंद. मग कायदेशीर संप करायचा तरी कधी? आणि संप बेकायदा ठरला की नोकरी घालवण्याचे निमित्त मालकाला आयतेच मिळते.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. केवळ संपात भाग घेतला या एका कारणावरून कोणालाही बडतर्फ करता येणार नाही, अशी तरतूद संहितेत नेमक्या शब्दांत हवी. संप बेकायदा आहे की नाही, हे मालकाने किंवा मंत्र्याने नव्हे, न्यायाधिकरणाने ठरावीक मुदतीत ठरवावे. आपली मुले आज गच्चीबोवलीतल्या खासगी कंपन्यांत कंत्राटावर आहेत, त्यांना ना संघटना आहे ना नोटीस. आरटीसीचा चालक आपला कोण, असे विचारणाऱ्या सभासदांनी घरातले ते नेमणूकपत्र एकदा काढून वाचावे. आणि २०१९ मध्ये संपकऱ्यांच्या जागी ज्या तात्पुरत्या चालकांना रोजंदारीवर बोलावले होते, त्यांचे पुढे काय झाले हेही आठवून पाहावे. कायम कर्मचारी कामावर आले, आणि त्यांना घरी पाठवण्यात आले.